बठ्ठा कापूस

सर्व संबंधित, असंबंधित आणि दुसऱ्याच्या घरात डोकावण्याची हौस असलेल्या तमाम वाचकांस अत्यंत गांभीर्यपूर्वक कळवण्यात येते की, प्रस्तुत लेखिका — वय बेचाळीस, प्रकृती ठणठणीत, जीभ त्याहून ठणठणीत — आजवर कोणालाही न सांगितलेली एक गोष्ट आज सांगणार आहे. कृपया मांडी घालून बसावे. चहा आधीच पिऊन घ्यावा.

बसलात?

आता तुमच्यातले जे मला ओळखतात ते लगेच हात वर करतील. बाई, ती कापसाची गोष्ट ना? ती तर आम्ही दहा वेळा ऐकली! ऐकली आहे, मान्य. बारशात ऐकली, डोहाळजेवणात ऐकली. एकदा भुसावळला गाडी तीन तास उशिरा होती, तेव्हा बायकांच्या वेटिंग रूममध्ये मी ती उभं राहून, साभिनय सादर केली होती. एका म्हातारीला हसून हसून ठसका लागला होता. पण तुम्ही ऐकलीत ती गोष्ट नव्हे. तो गोष्टीचा पदर. पदर एवढा जरीचा होता की साडी कुठंय, असं कुणी विचारलंच नाही. आणि मीही — मी तरी कशाला सांगते?

तर आधी पदर दाखवते. ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी.

स्वातंत्र्य मिळून चार-पाच वर्षं झाली असतील. मी तेव्हा धुळ्याला मुलींच्या एका वसतिगृहाची बाई होते. बत्तीस मुली, सगळ्या खेड्यांतल्या. कुणी सोनगीरकडची, कुणी साक्रीकडची, काही पार पूर्वेकडून, बोदवडच्या आसपासच्या, केळी-कापूसवाल्या घरांतल्या. वयं बारा ते सोळा. सातवीची फायनल पास व्हायचं आणि मास्तरीण व्हायचं, हे बहुतेकींचं स्वप्न. माझा रुबाब विचारू नका. कानांत लांब लोंबती डुलं, कमरेला किल्ल्यांचा जुडगा. मी नुसती मान वळवली तरी डुलं हलायची आणि बत्तीस पोरी चिडीचूप व्हायच्या. मला ते फार आवडायचं. खोटं कशाला बोलू? इथं तरी?

पोळ्याची सुटी संपवून मुली परत आल्या, त्याच आठवड्यात पुण्याहून एक डॉक्टरीणबाई आल्या. बारीक चणीच्या, जाड चष्म्याच्या, पांढऱ्या सुती साडीतल्या. गावोगावच्या वसतिगृहांतून हिंडून त्या वयात आलेल्या मुलींची एक तपासणी करत होत्या. कसली तपासणी — आता इथं मी पूर्वी नेहमी आवाज खाली आणायचे, डोळे मिचकवायचे. आज नाही मिचकवत. अंगावरून पांढरं जाणं. खाज. आग. वास. धुपणी म्हणतात तेच. त्या मला पहिल्याच दिवशी अगदी सरळ आवाजात म्हणाल्या, "ह्यात पाप नाही, लाज नाही. सर्दीपडशासारखंच दुखणं आहे. मुलींत फार आढळतं आणि एकही सांगत नाही. फडकी नीट न वाळणं, ओल, त्या जागी साबण-सोडा लावणं — एवढ्यानंसुद्धा होतं." त्यांच्या लाकडी पेटीत जांभळ्या औषधाच्या बाटल्या होत्या. मुलीनं हो म्हटलं, की पडद्याआड घेऊन तपासायचं, औषध द्यायचं. नाही म्हटलं, तर वहीत फुली मारून पुढची मुलगी. बळजबरी करायची नाही, असा त्यांचा नेम होता.

जेवणाच्या खोलीत एक चादर बांधली. डॉक्टरीणबाई खुर्चीवर, मी शेजारी उभी. पहिली मुलगी आली कौसा. गोल चेहऱ्याची, धीट, बापाची पंचवीस बिघे कपाशी.

डॉक्टरीणबाईंनी पुणेरी शुद्ध मराठीत विचारलं, "हं बाळ, पांढरं जातं का?"

"जातं ना," कौसा म्हणाली.

डॉक्टरीणबाईंनी टाक शाईत बुडवला. "केव्हापासून?"

"दरसाल जातं. दिवाळी झाली का जातं."

"वर्षातून एकदाच? बरं... किती जातं?"

कौसानं विचार केला. खोटं सांगायचा तिचा स्वभाव नव्हता. "औंदा पाऊस बरा हाये. चार गाड्या जाईन."

"गाड्या?"

"बैलगाड्या. बोदवडच्या जिनात."

आता तुम्हीच सांगा, मी काय करायला हवं होतं? जिथला कापूस सरकी काढायला जिनात जातो, त्या मुलखात भाद्रपदात कुणी विचारलं, पांढरं जातं का, तर पोरगी दुसरं काय सांगणार? डॉक्टरीणबाईंचा टाक हवेत, त्यावरून शाईचा थेंब वहीवर टपकला, कौसा अभिमानानं उभी, आणि मी — मी चादरीचं टोक तोंडात कोंबलं होतं.

मग मी पुढं झाले. म्हटलं, "डॉक्टरीणबाई, तुमची भाषा ह्यांना समजत नाही. तुम्ही विचारा, मी ह्यांच्या बोलीत सांगते." त्या बिचाऱ्या खूश झाल्या. त्यांना अहिराणीचा ओ का ठो येत नव्हता. आणि माझं माहेर सोनगीरचं.

पुढची मुलगी आली. डॉक्टरीणबाईंनी प्रश्न विचारला. मी तो तोंडभर अहिराणीत फिरवला, "तुमना बठ्ठा कापूस गया का व?"

तुमचा सगळा कापूस गेला का गं? बोंडं अजून हिरवी होती. कापूस जाणार कुठून? मुलगी म्हणाली, "नही, बाई." डॉक्टरीणबाईंनी फुली मारली. पुढची — नही, बाई. त्यापुढची — नही, बाई, आजून बोंड हिरवं शे. फुली, फुली, फुली. चार-पाच मुलींनंतर त्यांनी चष्मा वर केला आणि हळूच विचारलं, "हे बठ्ठा, बठ्ठा जे तुम्ही म्हणता, ते ह्या रोगाचं इथलं नाव का?"

मी म्हटलं, "हो."

आणि त्यांनी वहीच्या कोपऱ्यात ठळक अक्षरांत लिहून घेतलं — बठ्ठा.

इथं हशा होतो. नेहमी होतो. पुण्यात कुठंतरी एका कपाटात अजून ती वही असेल आणि खानदेशातल्या पोरींना बठ्ठा नावाचा रोग होत नाही असं तीत लिहिलेलं असेल, असं म्हणून मी पदर सावरून खाली बसते. पडदा.

पण मी असं का केलं, हे मला अजून कुणी विचारलेलं नाही. लोकांना वाटतं, खोडकरपणा. लाज. चादरीपलीकडच्या ओटीवर कमिटीचे सेक्रेटरी आबा पान चघळत बसलेले, त्यांना ऐकू जाईल म्हणून बाईनं शक्कल लढवली. मीही हेच सांगत आले. कधी लाज म्हणते, कधी गंमत. आता लिहायला बसले तर दोन्ही खरी वाटतात आणि दोन्ही खोटी. माझ्याच डोक्यात गुंता झालाय. नक्की काय होतं माझ्या मनात? हसू होतं, एवढं पक्कं. पण हसूही कधीकधी घाबरून येतं — नाही का?

आता साडी.

वसतिगृहाला गच्ची होती. गच्चीवर वाळत घालायच्या दोऱ्या होत्या. समोर रस्ता, रस्त्यापलीकडे कापडाच्या पेढ्या, शेटजींची गिऱ्हाइकं. डॉक्टरीणबाई यायच्या वर्षभर आधी आबांनी मला बोलावून नुसतं घसा खाकरून सांगितलं होतं, "बाई, दोरीवर काय-काय दिसतं रस्त्यावरून. बघा जरा." एवढंच. मी त्याच दुपारी हुकूम काढला. दर महिन्याची फडकी गच्चीवर न्यायची नाहीत. खाली लाकडं ठेवायची अंधारी खोली आहे, तिथं दोरी बांधा, वर गोणपाट टाका, कुणाच्या दृष्टीला पडता कामा नये. राखेनं धुवायची, साबण वाया घालवायचा नाही. खोलीला कुलूप. किल्ली माझ्याकडे.

मला त्या हुकमाचा अभिमान होता. गच्चीवर एकसारख्या रांगेत पोलकी-परकर फडफडत, आणि खाली सगळं झाकलेलं. माझ्या वसतिगृहाची शिस्त! पावसाळ्यात त्या खोलीत भिंतीला हात लावला तर ओला व्हायचा. फडकी वाळायचीच नाहीत. मुली अर्धी ओली तशीच घेऊन जायच्या. मला माहीत नव्हतं —

नाही. "मला माहीत नव्हतं" असं मी इथं लिहिलं आणि आता ते खोडायला हवं. माहीत होतं. किल्ली माझ्याकडे होती. दार उघडलं की कुबट भपकारा माझ्याच नाकात यायचा.

आणि इंदू होती.

इंदू बोदवडजवळच्या एका खेड्यातली, पंधरा वर्षांची, फायनलला बसणारी. अबोल. अक्षर असं, की फळ्यावर सुविचार लिहायचं काम तिचंच. त्या पावसाळ्यात ती वर्गात बस्करावर वाकडी बसायला लागली. एका कुशीवर, मग दुसऱ्या. न्हाणीघरात तिला फार वेळ लागायचा. धुण्याचा सोडा भराभर संपतोय म्हणून मी चौकशी केली, तर कळलं, इंदू नेते. हात फुटले होते पोरीचे सोड्यानं. एकदा तिच्या खोलीतल्या दोघी माझ्याकडे आल्या आणि पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरत म्हणाल्या, बाई, इंदूजवळ वास येतो. मी काय केलं? तिची वळकटी उचलून दाराशी लावायला सांगितली. आणि दुसऱ्या दिवशी प्रार्थनेच्या वेळी ती पुन्हा वाकडी बसलेली दिसली तेव्हा सगळ्यांसमोर, माझ्या त्या सुप्रसिद्ध खणखणीत आवाजात विचारलं, "काय गं इंदूबाई, बस्करात सुया पेरल्यात का?"

मोठा हशा झाला. मला हशा मिळवता येतो — तुम्हाला माहीतच आहे.

म्हणजे डॉक्टरीणबाई जेव्हा पहिल्या दिवशी मला सगळं सांगत होत्या, ओल, फडकी, सोडा, तेव्हा त्या पुण्याच्या बाई माझ्या लाकडाच्या खोलीचंच वर्णन करत होत्या. एकेक वस्तू. जणू कुलूप उघडून आत जाऊन आल्या होत्या. त्यांनी मुलींना विचारलं, मुली हो म्हणाल्या, तर पुढचा प्रश्न काय येणार? फडकी कुठं वाळवता? मग? मग बत्तीस बोटं माझ्याकडे. वहीत माझं नाव. कमिटीपुढं वाचन.

आता सांगा — कौसाच्या चार गाड्या म्हणजे देवानंच मला दिलेली पळवाट वाटली, ह्यात नवल काय? हसले ते खरंच हसले. पण हसता हसता एक डोळा त्या कुलूपबंद दाराकडे ठेवून हसले.

इंदू शेवटची होती. तिचा नंबर शेवटी मीच लावला होता.

ती चादरीआड आली. नेहमी खाली बघणारी पोर, त्या दिवशी सरळ डॉक्टरीणबाईंकडे बघत होती. त्या थकल्या होत्या, तरी त्यांनी प्रश्न नीट विचारला. आणि ह्या वेळी, का कोण जाणे, त्यांनी तो सोपा करून विचारला, "अंगावरून पांढरं जातं का गं? दुखतं, आग होते का?" इंदूचे ओठ हलले. मला दिसले.

मी मध्येच म्हटलं, "इंदू, तुमना बठ्ठा कापूस गया का?"

तिनं माझ्याकडे पाहिलं. किती वेळ? एक श्वास, फार तर दोन. त्या वेळी मी काही केलं का? काही खूण, काही? मला आठवत नाही. मी कितीदा तरी तो क्षण पुन्हा उभा करून पाहिला आहे. मी तिथं उभी आहे, हात चादरीवर, हसरा चेहरा. पुढं काही दिसतच नाही.

"नाही गेला, बाई," इंदू म्हणाली.

फुली.

डॉक्टरीणबाईंनी वही मिटली. कपाळाला हात लावून म्हणाल्या, "मला कळतच नाही काही. मी गेले त्या प्रत्येक ठिकाणी निघाल्या. इथं एकीलाही नाही? असं कसं?" मग त्यांनी तो दुसरा प्रश्न विचारलाच, मुलींना नाही, मला. "तुमच्याकडे मुली फडकी कुठं वाळवतात?"

मी म्हटलं, "या ना. दाखवते."

आणि त्यांना गच्चीवर नेलं. किल्ल्या कमरेला खुळखुळत होत्या. लख्ख ऊन पडलं होतं. दोऱ्यांवर पोलकी, परकर, चादरी, सगळं फडफडत होतं. मी नाटकातल्या राणीसारखा हात फिरवला आणि म्हटलं, "इथं. उन्हात. आमचा नियमच आहे." त्या इतक्या आनंदल्या, की त्यांनी माझा हात हातात घेतला. म्हणाल्या, सगळ्या वसतिगृहांतून अशी बाई हवी. कमिटीच्या सभेतही म्हणाल्या. आबांनी मला हार घातला. झेंडूचा होता.

जांभळ्या बाटल्या न उघडता परत गेल्या. मोटारीत पेटी चढवायला मीच हात लावला. जड होती.

मग नियम बदललास का, असं विचाराल. नाही बदलला. एकदा उन्हात वाळवतो असं सांगून बसल्यावर, दुसऱ्या दिवशी खोली उघडून फडकी वर आणायची म्हणजे — कुणीतरी विचारलं असतं, काल कुठं होती? त्या खोट्याला जपण्यासाठी मी आणखी दोन वर्षं ते कुलूप जपलं.

दिवाळीच्या सुटीत इंदू घरी गेली. परत आली नाही. सुटी संपून पंधरा दिवस झाल्यावर तिचे वडील बैलगाडीनं नव्हे, आगगाडीनं आले, तिची ट्रंक न्यायला. उंच, सावळे, डोईला पागोटं, फार अदबीचे. अंगणातच उभे राहिले. म्हणाले, "पोरीच्या अंगात कणकण ऱ्हाते, बाई. ओटीपोटात दुखतं म्हनते. आता शाया पुरे." मी म्हटलं, नाना, फायनल चार महिन्यांवर आहे, हुशार मुलगी आहे. ते म्हणाले, "तुम्ही लई केलं तिच्यासाठी." आणि खांद्यावरच्या पिशवीतून केळ्यांची फणी काढून माझ्या हातात दिली. त्यांच्या मळ्यातली.

केळी गोड होती. मी खाल्ली. सगळी.

त्यानंतर मी तिची चौकशी केली नाही. केली असती तर कळलं असतं, म्हणून केली नाही. मनाशी एक सोय मात्र करून ठेवली. इंदूला प्रश्न समजलाच नव्हता. बाकीच्यांसारखा तिलाही कापूसच कळला. ओठ हलले म्हणजे काय, पोरी पुटपुटतातच. ती कापसाचं बोलली, मी कापसाचं बोलले, मधल्या मध्ये डॉक्टरीणबाईंचा घोटाळा झाला. दोष असलाच तर भाषेचा. ह्या सोयीवर मी आठ वर्षं ती गोष्ट सांगितली. कौसापासून सुरू करायची, बठ्ठ्यापाशी संपवायची. इंदूचं नाव कधी घेतलं नाही. तिच्याविना गोष्ट किती सुटसुटीत होते, तुम्ही ऐकलीच आहे.

गेल्या वर्षी भुसावळला रेल्वे कॉलनीत माझ्या भाचीचं लग्न होतं. हळदीचा दिवस, दुपारचं जेवण झालेलं, बायका अंगणात मांडवाखाली लवंडलेल्या. कुणीतरी म्हणालं, मावशी, कापूस होऊन जाऊ द्या! मी काय, तयारच. उठले, पदर खोचला. कौसा केली, डॉक्टरीणबाई केल्या, चष्मा म्हणून दोन बांगड्या डोळ्यांना लावल्या. चार गाड्यांना हशा. बठ्ठ्याला तर वरमाई आडवी झाली. मी डुलं सावरत — तीच डुलं, अजून तीच घालते — खाली बसणार, एवढ्यात मांडवाच्या खांबाशी एक बाई दिसली. नवऱ्याकडच्यांपैकी कुणाची तरी भावजय. तेविशी-चोविशीची, सुकलेली, मांडीवर कुणाचं तरी मूल. ती हसत नव्हती. मी ओळखलं नाही. तिनं पदरानं मुलाचं तोंड पुसलं तेव्हा हात दिसले, अजून तसेच फुटलेले, आणि हातांवरून ओळखलं.

ती रागावलेली नव्हती. ते सोपं गेलं असतं. ती गोंधळलेली होती — आठ वर्षं एक गोष्ट एका रीतीनं मनात ठेवावी, आणि भर मांडवात कुणीतरी ती दुसऱ्याच रीतीनं सांगावी, तसा तिचा चेहरा झाला होता. इतक्या बायकांत बोलायची तिला सवय नसावी. बोलायचं तिनं ठरवलंही नसावं. तोंडातून निघून गेलं. वरमाईचं हसू अजून ओसरलं नव्हतं, त्यामुळं थोडं मोठ्यानं निघालं. मी ते होतं तसं लिहिते आणि थांबते.

"पन बाई, मले समजलं होतं त्या काय इचारत होत्या. तुमची डुलं हालली, म्हनून मी नाही म्हटलं."